काकांच्या हाताचा गुण

४ जून

ती. काकांस,

नमस्कार. नमस्कार पटकन आटोपते, कारण मला भांडायचं आहे.

तुमचा नालायक आमच्याकडे काम करत नाही. कातडी कमावण्याच्या कारखान्यामागच्या नाल्यातून तुम्ही हा जंतू उचलून आणलात, म्हणून तुमच्या विद्यार्थ्यांनी त्याचं नाव नालायक ठेवलं, तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता वाटतं, नाव अगदी योग्य आहे. तुमच्या प्रयोगशाळेत तो चंबूभर एन्झाइम करून देतो. भाजलेल्या जखमेवरचं मेलेलं कातडं त्या एन्झाइमनं अलगद सुटतं आणि जिवंत कातडीला धक्कासुद्धा लागत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या भरवशावर चांगली पक्की नोकरी सोडून कंपनी काढली, विद्यापीठाकडून हक्क घेतले. आणि इथे? इथे तो जावयासारखा राहतो. खातो, पितो, लठ्ठ होतो. कामाचं नाव काढू नका.

तुम्ही जागा पाहिलेली नाही म्हणून सांगते. खाली छापखाना, वर आम्ही. जिन्यात शाईचा वास, आमच्या खोलीत जंतूंचा, त्यामुळे आल्यागेल्याला कुठला वास कुणाचा ते कळत नाही. पण यंत्रं सगळी कोरी करकरीत. चंबू हलवायचा शेकर तर असा घेतलाय की काचेच्या कपाटात बसून एका लयीत हलतो, दिवसरात्र, जरा म्हणून थांबत नाही. तुमच्या त्या गंजक्या शेकरशी, त्या म्हातारीशी, तुलनाच नको.

आता मुद्दा. नोव्हेंबरअखेर विद्यापीठाची समिती येणार. मोठ्या टाकीत एन्झाइम तयार होताना दिसलं नाही, तर हक्क परत घेणार आणि त्या बड्या औषध कंपनीला देणार. ती दारातच उभी आहे. आणि तिला आपलं मलम करायचंच नाहीये. तिचं स्वतःचं महागडं मलम बाजारात आहे. आपला नालायक ती कपाटात कोंडून ठेवेल आणि किल्ली विसरेल. म्हणजे सगळं मुसळ केरात.

तेव्हा सांगा, मी काय चुकतेय? आणि फोन उचलत चला हो. मागच्या खेपेला मी विचारलं, विरजणाचा चंबू किती गरम ठेवता, आणि तुम्ही म्हणालात, "हो हो, काकू मजेत आहे."

तुमची,
भिंगरी


१५ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून काकू म्हणाली, पोरीचा आवाज कागदातूनसुद्धा घुमतो.

फोनचं म्हणशील तर मी उचलतो, पण हल्ली कुणाला तोंड उघडून बोलायला नको. सगळे आपले ओठातल्या ओठात पुटपुटतात. विद्यापीठातले तरुण प्राध्यापक, दुकानदार, बातम्या देणारी ती बाई, सगळे. काय बोलतात ते त्यांचं त्यांना तरी कळतं का, देव जाणे. निवृत्तीनंतर प्रयोगशाळेची किल्ली तेवढी माझ्याकडे राहू दिली, पण ईमेलचं खातं त्यांनी बंद करून टाकलं. तेव्हा पत्रच बरं. पत्र पुटपुटत नाही.

आता तुझा जावई. वर्षानुवर्षं करतोय तेच सांगतो. ताजं विरजण घे, शिळं नको. पाणी उकळून, गार करून घे. साखर बेताची. चंबू एक तृतीयांशच भर. मग ते म्हातारीवर चढव आणि आपल्या कामाला लाग. मी तिच्याकडे पाठ करून वाचत बसतो. ती मधूनच रुसून बसते, मोटर तापते बिचारीची. नजर गेली की उठून एक चापट ठेवून देतो, की चालली पुन्हा. तुझ्या त्या काचेच्या कपाटातल्या राजकन्येला कोण चापट मारणार?

खरं सांगू? म्हातारीलाच घेऊन जा म्हणालो असतो, पण ती विद्यापीठाची मालमत्ता. तुमच्या कंपनीला इथलं मोडकं स्टूलसुद्धा देऊ नका असा, संशोधनाचे हक्क बाहेर देणारा तो हस्तांतरण कक्ष आहे ना, त्याचा हुकूम आहे. त्या कक्षातले साहेब मला जिन्यात भेटले. काहीतरी लांबलचक बोलले. मी मान हलवली.

धीर सोडू नकोस. हाताला गुण यायला वेळ लागतो.

काका

ता. क. मी काकू. यांनी पाकीट चिकटवायच्या आत लिहितेय. परवा भाजी घेऊन आले आणि दाराबाहेर उभी राहून बेल दाबतेय दाबतेय, हे आत खुर्चीत बसून वाचताहेत. शेवटी शेजारणीच्या गॅलरीतून आत आले, या वयात! म्हणे, "तू बेल वाजवायची ना." डॉक्टरकडे चला म्हटलं की यांना राग येतो. तूच काहीतरी लिही, तुझं ऐकतात. म्हणजे वाचतात.


२८ जुलै

ती. काकांस,

हाताला गुण! काका, तळपायाची आग मस्तकात गेली हे शब्द वाचून. मी काय वैदू आहे? गुण माझ्या हातात असून काय उपयोग, तो टाकीत हवा. उद्या माझ्या जागी दुसरं कुणी बटण दाबलं तरी तेच एन्झाइम तेवढंच आलं पाहिजे. त्यालाच कंपनी म्हणतात.

तुमचं अक्षर न् अक्षर पाळलं. ताजं विरजण. बेताची साखर. तुमच्या प्रयोगशाळेच्या नळाचं पाणीसुद्धा कॅन भरभरून मागवलं, कारण आमच्या टाकीवाल्या इंजिनियरला वाटलं की पाण्यात काहीतरी असेल. तो कॅन उचलणारा माणूस आम्हाला वेड लागलंय असं समजतो. पाण्याचे कॅन इतक्या लांबून, आणि आमच्या नळाला बारा महिने पाणी!

छोटे चंबू, मोठे चंबू, छोटी टाकी, मोठी टाकी. सगळीकडे जंतू टम्म आणि एन्झाइमचा पत्ता नाही. इंजिनियरनं हवा वाढवली, घुसळणी वाढवली. जितकं नीट करावं तितकं वाईट. मी चंबू उजेडात धरून बघते, एन्झाइमची पिवळी झाक दिसते का म्हणून. दिसत नाही. मग डोळे चोळून पुन्हा बघते, जशी काही चूक चंबूची नसून डोळ्यांची आहे.

आणि आमचे पैसे गुंतवलेले गृहस्थ, ज्यांना आम्ही पाठीमागे जाकीटवाले म्हणतो, ते दर आठवड्याला येतात आणि खुर्चीच्या कडेवर बसून विचारतात, "मग? आज काय नवीन?" एवढंच. मला त्यांच्या जाकिटाची बटणं एकेक करून तोडावीशी वाटतात. नवीन काही नाही हो! जुनंच जमत नाहीये!

तुम्ही एकदा पुन्हा करून बघा, काका. तुमच्या फडताळात जपलेल्या वाणाच्या कुपीतून. आणि खरं काय ते लिहा.

आणि काकूसाठी: कानाच्या डॉक्टरकडे जा. मी लिहिलंय, आता वाचलंत.

भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

करून पाहिलं. झकास आलं. चंबू असा पिवळाधमक की शिपायानं विचारलं, सर, लिंबाचं सरबत का? म्हटलं पी बाबा, आतून सोलून निघशील.

आता तू चिडशील, पण जे आहे ते लिहितो. पूर्वी माझ्याही हातून इतकं येत नसे. नालायक आणला त्या काळात तर चंबूच्या तळाशी जेमतेम. वय वाढलं तसा हात बसत गेला आणि दरवर्षी थोडं थोडं जास्त येऊ लागलं. निवृत्त होताना सगळ्यात उत्तम. माणूस म्हातारा झाला की त्याला सगळे निकामी समजतात, पण माझं सगळ्यात चांगलं काम शेवटी शेवटीच झालं. ते मी कुणापाशी बोललो नाही, आज तुझ्यापाशी बोलतो. मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हा घाई नको. तुम्ही लोक सगळं उद्याच्या उद्या मागता. कंपनी काढायच्या आधी अजून दोन-चार वर्षं माझ्याजवळ बसली असतीस तर? पण तेव्हा तू ऐकलं नाहीस.

कानाबद्दल लिहिलंस. माझे कान उत्तम आहेत.

काका


२१ ऑगस्ट

काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग जाकीटवाल्यांनाही दाखवलं. ते खुर्चीच्या कडेवरून पहिल्यांदा मागे टेकून बसले आणि म्हणाले, "बाई, साधी गोष्ट आहे. प्रोफेसरांनी चांगला वाण स्वतःकडे ठेवला आणि तुम्हाला दुय्यम दिला."

मी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले, खालच्या छापखान्यातला माणूस वर बघायला आला. पण ते गेल्यावर विचार करत बसले, आणि काका, मला दुसरं उत्तर सापडत नाही. तोच जंतू, तेच पाणी, तीच साखर. तुमच्याकडे होतं आणि माझ्याकडे होत नाही. मग एकच राहतं. तो तोच जंतू नाही.

कंपनी तुम्हाला कधीच नको होती. विद्येचा बाजार मांडलास, असं तुम्ही भर बैठकीत म्हणालात ते मी विसरलेले नाही. सही केलीत ती काकूनं धरून बसवलं म्हणून. तुम्हाला मनातून हेच हवं होतं का, की मी तोंडघशी पडावं आणि परत येऊन तुमच्याजवळ बसावं?

माझ्याकडे काम करणारी माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. मी त्यांना काय सांगू? काकांचा हात बसलाय म्हणून?

तुमच्या फडताळात जी कुपी आहे ती पाठवा. ती खरी. नसेल पाठवायची तर तसं लिहा.

भिंगरी


१९ सप्टेंबर

भिंगरे,

मी काकू. यांना न सांगता लिहितेय. तू वाट बघत असशील, म्हणून. हे लिहिणार नाहीत.

तुझं पत्र आलं ते यांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग जेवायला बसले आणि नुसतं कालवत राहिले. मी विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाले, "कामाचं आहे." रात्री मीच काढून वाचलं. काय गं हे? ज्यानं तुला बोटाला धरून त्या प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर उभं करून सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवलं, तो माणूस तुला खोटा वाण देईल? तुझी जीभ झडली कशी नाही! लहान असतीस तर कान पिळला असता. आताही पिळेन, ये तर खरी.

दुसऱ्या दिवशी यांनी फडताळातली कुपी कापसात गुंडाळली आणि तुला पाठवली. मिळाली असेलच. सोबत चिठ्ठी नव्हती ना? मला माहीत होतं.

आणि आता ऐक. त्या पाठोपाठ हे स्वतःहून, मी चकार शब्द काढला नसताना, कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र घेऊन आले. मी म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला? तर म्हणाले, "समितीची बैठक आहे. ते प्रश्न विचारतील. मला तिच्या बाजूनं बोलायचंय, आणि प्रश्नच ऐकू आले नाहीत तर मी भलतंच काहीतरी बोलून तिचं नुकसान करीन."

एवढी वर्षं मी घसा फोडून सांगत होते, माझ्यासाठी नाही लावलं. तुझ्यासाठी लावलं, आणि तेही तू एवढं बोलल्यावर.

मला रागही आलाय आणि रडूही येतंय, तेव्हा आता बस करते.

काकू


२७ सप्टेंबर

ती. काकांस,

चुकले. साफ चुकले. कुपी मिळाली. तिच्यातूनही आमच्याकडे काहीच आलं नाही. अगदी तेच, लठ्ठ जंतू आणि पांढरं पाणी. म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासून खरा वाण दिला होता आणि मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. कुठल्या तोंडानं क्षमा मागू?

आता मी हात टेकलेत. जाकीटवाल्यांनी पुढचे पैसे थांबवले. इंजिनियर दुसरीकडे नोकरी बघतोय, मला सांगत नाही, पण इस्त्रीचा शर्ट घालून अर्धी रजा घेतो तेव्हा कळतंच. कक्षातल्या साहेबांना मुदतवाढ मागितली तर म्हणाले, मुदतवाढीच्या अर्जाचीही मुदत संपली. यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? समिती येईल, रिकामी टाकी बघेल, आणि हक्क घेऊन जाईल. नालायक कपाटात जाईल. ज्या भाजलेल्या माणसांसाठी आपण हे करत होतो, त्यांना कळणारसुद्धा नाही की असं काही होतं.

तुम्ही बैठकीला येऊ नका. माझ्यासाठी तिथे बसून ऐकून घ्यावं इतकी माझी लायकी नाही.

तुमची,
भिंगरी


११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

तू जे लिहिलंस ते मला लागलं. लागलं नाही असं म्हणणार नाही. पण ते आता राहू दे, कारण त्याहून वाईट झालं आहे, आणि तुला ते माझ्याकडूनच कळावं.

तुझं ते ऑगस्टमधलं म्हणणं खोडून काढायचं म्हणून मी पुन्हा प्रयोग लावला. तुला पाठवलेल्या कुपीतलाच, थोडा मागे ठेवलेला वाण. काही आलं नाही. पुन्हा लावला. पांढरं पाणी. आयुष्यात पहिल्यांदा मीही तुझ्यासारखा चंबू उजेडात धरून बघत बसलो. हात गेला माझा, भिंगरी. ज्याचा अभिमान आहे म्हणून तुला लिहिलं, तेच गेलं. लिहायला नको होतं.

निष्काळजीपणा झाला म्हणशील तर तसं नाही. इतकी काळजी मी कधीच घेतली नव्हती. काकूनं सांगितलं असेलच, मी कानात यंत्र घालतो. डॉक्टर म्हणाले, सवय होईपर्यंत दिवसभर ठेवा. काय गोंगाट आहे गं या जगात! पंखा कुरकुरतो, कागद कडकडतात, माझ्याच चपला फटफट वाजतात. आणि म्हातारी! मला वाटायचं ती गुपचूप काम करते. ती तर दळण दळल्यासारखी घरघरते, आणि जरा वेळ झाला की बंद पडते. पुन्हा चालू केली की पुन्हा बंद. इतक्या वेळा थांबते हे मला माहीतच नव्हतं. वाचायला बसावं तर आवाज थांबला, की उठा, मारा चापट. दोन दिवस उठबस करून कंटाळलो आणि शेवटी विद्यापीठाच्या मेकॅनिकला गाठून मोटर साफ करून घेतली, आणि घसरून तिला थांबवणारा जुना पट्टा काढून नवा बसवून घेतला. आता ती तुझ्या राजकन्येसारखी अखंड चालते. म्हणजे यंत्रात खोट नाही. खोट माझ्यात.

बैठकीला मी येणार. तू नको म्हणालीस तरी. माझा हात गेला असेल, पण तू खोटारडी नाहीस हे सांगायला हात लागत नाही.

काका


१६ ऑक्टोबर

काका!

जुना पट्टा फेकला नाहीत ना? फेकला असेल तर कचऱ्यातून काढा. काकूला सांगा. आत्ताच्या आत्ता!

तुमचा हात गेलेला नाही. खोट तुमच्यात नाही, माझ्यात नाही, वाणात नाही. म्हातारीत होती, आणि तीच तुम्ही दुरुस्त करून घेतलीत!

तुमचं पत्र वाचता वाचता मी जिन्यातच खाली बसले. छापखानावाल्याला वाटलं कुणी गेलं. काका, तिला थांबू द्यायचं असतं! ती थांबते तेव्हा चंबूतला नालायक तळाला बसतो, त्याला हवा कमी पडते, तो घाबरतो आणि जगायच्या धडपडीत एन्झाइम बाहेर टाकतो. मी त्याला दिवसरात्र हलवत ठेवला, हवा दिली, लाड केले. तो कशाला काम करेल? आणि जितकं अपयश येत गेलं तितके मी आणखी लाड केले. गाढव मी.

आता हेही वाचा, आणि रागावू नका. पूर्वी तुमच्याकडे कमी यायचं, कारण ती थांबली की तुम्हाला कळायचं आणि तुम्ही लगेच उठायचात. मग दरवर्षी थोडं थोडं जास्त येऊ लागलं. काका, ती थांबलेली तुम्हाला ऐकूच येत नव्हती. नजर जाईपर्यंत ती निवांत बसून राहायची.

आमच्या शेकरला थांबवायचं बटण आहे, पण थांबवलं की तो बोंबलायला लागतो, लाल दिवा लावतो आणि मिनिटभरात आपला आपण पुन्हा सुरू होतो. काय म्हणावं या शहाण्या यंत्रांना! शेवटी सरळ भिंतीतला प्लग उपटला. इंजिनियर म्हणतो टाकीची घुसळणी बंद केली तर जंतू मरतील. मी म्हटलं, मरू देत, एकदा तरी माझं ऐक. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तसाच टाकीपाशी उभा आहे.

भिंगरी

काकूसाठी: पट्टा!


२४ ऑक्टोबर

भिंगरे,

मी काकू. पट्टा सापडला. मीच घरी आणला होता, रद्दीचा गठ्ठा बांधायला. रद्दी सोडवली आणि पट्टा हातात घेऊन आम्ही दोघं रिक्षानं प्रयोगशाळेत गेलो. यांनी बसवला. मग समोर खुर्ची टाकून बसले. म्हातारी थांबली की यांचा हात उठायचा आणि मी तो धरून ठेवायची. लग्नानंतर इतका वेळ माझा हात यांनी धरला नव्हता, हे तुला म्हणून सांगते.

पिवळं आलं गं. पिवळंधमक.

पण हे गप्प आहेत. आनंद झाला की बोलणारा माणूस गप्प आहे. तू यांना काहीतरी नीट लिही.

काकू


२ डिसेंबर

ती. काकांस,

बैठकीत तुम्ही लांबच्या खुर्चीवर होतात आणि मग गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेलात. मला बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून लिहिते.

टाकी पिवळी झाली ते समितीनं पाहिलं. हक्क आपल्याकडे राहिले. पण कक्षातल्या साहेबांनी लगेच दुसरं काढलं. "ही थांबवण्याची पद्धत मूळ करारात नाही. नवी पद्धत, नवा अर्ज." म्हणजे पुन्हा तेच जिने, तेच शिक्के. जाकीटवाले पुन्हा येऊन कडेवर बसायला लागलेत. सुटका नाही. पण निदान आता सांगायला काहीतरी नवीन आहे.

त्या अर्जात शोधकाचं योगदान काय, असा रकाना आहे. मी तुमचं नाव घालून सरळ लिहिलं, "यंत्र बंद पडलेलं त्यांना ऐकू आलं नाही." साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, असं लिहिता येत नाही, "नियंत्रित विरामांचं प्रदीर्घ निरीक्षण" असं लिहा. मी तसं केलंय. फक्त तुमची सही हवी.

काकू म्हणते तुम्ही गप्प आहात. का, ते मला कळतं. तुम्हाला वाटतंय की हाताचा गुण नव्हताच. काका, दुसऱ्या कुणीही ती म्हातारी केव्हाच भंगारात घातली असती. मी पहिल्याच दिवशी घातली असती. तुम्ही तिला सांभाळलीत. आणि हात गेला असं वाटलं तेव्हा ते लपवून ठेवता आलं असतं, पण तुम्ही मला जसंच्या तसं लिहिलंत. तेवढं पत्र आलं नसतं तर आज काहीच नसतं. आणि ते कुणाला लिहिलंत? जिनं तुम्हाला खोटं ठरवलं तिला.

मला अजून झोप लागत नाही त्या ऑगस्टच्या पत्रामुळे. रागवा, बोला, काकूला सांगून कान पिळा. पण गप्प बसू नका.

तुमची,
भिंगरी


१० डिसेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. अर्ज सही करून सोबत परत पाठवतो आहे. साहेबांचं वाक्य मी खोडलं. मी निरीक्षण केलं नव्हतं, तीच तर सगळी गंमत आहे. तुझं वाक्य पुन्हा लिहिलं आणि त्याखाली सही केली. छापायचं तर तेच छापा. खोट्यावर मी आयुष्यात सही केली नाही, आता बहिरेपणाच्या लाजेनं कशाला करू?

गप्प होतो हे खरं. इतकी वर्षं ज्याला हाताचा गुण म्हणालो तो कानाचा दोष निघाला, हे पचायला वेळ लागला. पण काल म्हातारीसमोर बसलो होतो. ती थांबली, आणि मला ऐकू आलं की ती थांबली. मी उठलो नाही. तिला हवा तेवढा वेळ बसू दिलं. आता तेवढं तरी मी जाणूनबुजून करतो.

ऑगस्टचं पत्र मी चुलीत घातलं. म्हणजे गॅसवर धरलं. काकू ओरडली, पडदा पेटेल म्हणून. तेही ऐकू आलं.

आता पत्र नको. फोन कर. बेल वाजली की मीच उचलेन. फक्त एक कर, इतकी वर्षं तुला माझ्याशी बोलताना ओरडायची सवय लागली आहे, ती सोड.

ओरडू नकोस, पोरी. मला ऐकू येतं.

काका